भिंतीकडे तोंड करून

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मी घाबरत नाही. वाचता येत असतं तर पहिल्याच ओळीला तू सराटा घेऊन धावली असतीस. भाकरी उलटायचा तो लोखंडी सराटा माझ्या पाठीवर जास्त पडला की तव्यावर, हे तुलाही सांगता आलं नसतं. तुझ्याशी खरं तर तुझ्याच बोलीत बोलायला पाहिजे, मले-तुले करत. पण तुझ्यामागं मामानं ब्रह्मपुरीला शाळेत घातलं, मग नागपूरला शिकले, आणि हात असा पुस्तकी वळला. तोंड मात्र अजून आपल्याच गावचं आहे. चिडले की तेच बाहेर येतं. आणि मी चिडते फार. तो तुझाच वारसा, दुसरं काही तू ठेवून गेली नाहीस.

मी आता गडचिरोलीच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. म्हणजे काय, ते तुला सांगायचं तर: पोरींनी काय खावं, किती खावं, का खावं. त्याचा मला पगार मिळतो. ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. ‘व माय! खायाचं बी शिकवा लागते का?’ लागतं गं. तुझ्यासारख्या बायांनी जे शिकवून ठेवलंय ते पुसायला लागतं, आणि ते खडूनं लिहिलेलं नसतं म्हणून डस्टरनं पुसता येत नाही.

आपलं ते घर आठव. बाप आरामशीनवरून यायचा, लाकडं चिरून, अंगाला सागाच्या भुशाचा वास. पाट, पाटासमोर ताट, ताटाशेजारी पाण्याचा गडवा. पहिला घास घेऊन तो थांबायचा, आणि तो थांबला की घरातलं मांजरही थांबायचं. मीठ कमी. भात गार. माशात काटा. अरे मुडद्या, माशात काटा असणार नाही तर काय असणार? पण हे म्हणायचं कोणी? मग ताटाला लाथ. ताट भिंतीवर जाऊन आपटायचं, वरण भिंतीवरून ओघळायचं, आणि ताट गरगरत खाली बसायच्या आत त्याचा हात तुझ्या वेणीत असायचा. मी कोपऱ्यात बसून तुझं डोकं खांबावर आपटलेलं ऐकते आहे. ऐकते आहे असंच लिहिते, कारण ते संपलेलंच नाही. सकाळी तू शेण कालवून भिंत सारवायचीस. त्याच सारवलेल्या भिंतीकडे तोंड करून, ताटावर पदर ओढून, उरलेलं तू जेवायचीस आणि मला शेजारी बसवायचीस. उरलेलं म्हणजे बहुतेक पेज, भाताचं वरचं पाणी, त्यात चिमूटभर मीठ. बाईमाणूस खाताना दिसलं की घराची लाज जाते, असं तू म्हणायचीस. बापानं दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले. चांगलं केलं. त्या दीक्षेमुळेच मी शाळेचं तोंड पाहिलं, हे मी कधी नाकारणार नाही. पण देव गेले तरी तो पाट काही हलला नाही आणि ती भिंतही.

कॉलेजात माझ्याकडे येतात त्या पोरी कुरखेड्याच्या, धानोऱ्याच्या, थेट खालच्या सिरोंच्याच्या. लाल गाडीनं धूळ खात येतात, पत्र्याची पेटी घेऊन. पहिल्या वर्षी मी पुस्तक उघडलं तर त्यात सफरचंद, लोणी आणि चीज. चीज! सिरोंच्याच्या पोरीनं विचारलं, ‘बाई, हे साबण आहे का?’ मी ते पुस्तक टेबलावर आदळलं आणि म्हटलं, तुम्ही काय खाता ते सांगा. मग हळूहळू निघालं. अंबाडी, सुकवलेले झिंगे, मोहफुलं, बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब. फळा भरला. चांगलंचुंगलं खाणारी माणसं आहोत की आपण, मी म्हटलं, मग तुमच्या डोळ्यांत रक्त का नाही? मी दुसरं विचारलं. तुमच्या अंगातलं काय कापून टाकावंसं वाटतं? त्या खिदळल्या, एकमेकींना कोपरानं ढोसलं, आणि मग अशा काही बोलायला लागल्या की मी खडू खाली ठेवला. नाक. मांड्या. छाती, कारण बस स्टँडवरची पोरं बोलतात. एक म्हणाली, कातडी, सगळी सोलून काढायची आणि खाली गोरी निघते का पाहायचं. वसतिगृहातल्या त्यांच्या पेट्यांच्या झाकणांवर आतून सिनेमातल्या नट्या चिकटवलेल्या असतात. त्या नट्यांच्या कमरेएवढी यांची मान. सगळ्यात शेवटी मागच्या बाकावरून एक आवाज आला: ‘सगळंच, जी.’

ती कुरखेड्याकडची. धानाच्या शेतकऱ्याची पोरगी, उंच, रुंद खांद्याची. रोवण्याच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून धान लावणारी, आणि संध्याकाळी पाण्याचे हंडे वाहणारी. असं अंग कमवायला पैलवानाला वर्षं लागतात. तिला मात्र ते अंग कुठं लपवू असं झालेलं. घरचे तिला म्हैस म्हणायचे. शिवी म्हणून नाही हं, हाक मारायचं नाव म्हणून.

मग मी माझा तो प्रयोग केला, ज्याच्यावरून स्टाफरूममध्ये अजून चेष्टा होते. प्रयोगशाळेत मोठ्या गंजात भात शिजवला, वरण केलं, झिंग्यांची चटणी केली. सतरंज्या घातल्या, समोरासमोर. म्हटलं, आपल्या हातानं वाढून घ्या, पोटाला पाहिजे तेवढं, आणि एकमेकींकडं पाहत जेवा. हाच आजचा धडा. पोरींची काय तारांबळ उडाली! एकीला हसता हसता ठसका लागला, एकीनं ओढणी पुढं ओढली, आणि बघता बघता अर्ध्याअधिक पोरी बसल्या जागी वळल्या. कोणी खिडकीकडे, कोणी कपाटाकडे. तोंड फिरवल्याशिवाय घासच जाईना. मी एकेकीला खांद्याला धरून वळवलं. तेव्हा ती कुरखेड्याची पोरगी सरळ माझ्याकडं पाहून म्हणाली, ‘बाई, तुमी घरी कशा जेवता जी?’

‘तोंडानं!’ मी म्हटलं. वर्ग हसला आणि मी सुटले.

त्या दिवसानंतर बऱ्याच पोरी खायला लागल्या. ही मात्र वाळत चालली. आधी गालफडं बसली, मग खांद्याची हाडं ब्लाउजमधून वर आली. चौकशी केली तर कळलं, नागपूरला कचेरीत बाबू असलेल्या मुलाचं स्थळ आलंय आणि मध्यस्थानं निरोप दिलाय, पोरगी सडपातळ पाहिजे. मी तिला बोलावून समजावलं, चिडले, टेबलावर हात आपटला. ती हव जी, हव जी करत राहिली. एका प्रात्यक्षिकाला मीच तिचं ताट भरून तिच्या पुढ्यात ठेवलं. आणि नेमकी त्याच वेळी तिची माय दारात. गाडीनं आली होती, डोक्यावर पोह्यांचं गाठोडं, पायात धूळ. तिनं लेक पाहिली, भरलेलं ताट पाहिलं, आणि गाठोडं तिथंच टाकून आत आली.

‘तिकडं पाहुणे ठरून राह्यले अन् तू इथी म्हशीवानी चरून राह्यली?’ आणि फाडकन थोबाडीत. सगळ्या पोरींसमोर. पोरीचं डोकं कपाटावर आपटलं, वरच्या बरण्या वाजल्या. दुसरा हात उठला तो मी हवेत धरला. काय ताकद होती त्या हातात! आम्ही दोघी झटापट करत गंजाला धडकलो, भात जमिनीवर सांडला.

‘हात खाली करा. हा माझा वर्ग आहे.’

‘पोरगी माही हाय.’ मग माझ्या टेबलावरचा बुद्धाचा छोटा पुतळा पाहून तिनं ओठ मुडपले. ‘तुमच्या लोकायत चालत असन बायकायनं असं उघडं खाणं. आमच्यात नाई चालत.’

‘आमच्या लोकांतही चालत नाही हो बाई,’ मी म्हटलं. ‘एवढ्या एका बाबतीत तुम्ही-आम्ही सख्ख्या बहिणी.’

ती आणखीच उसळली, ‘अन् लगन मोडलं तं? तुमी पोसान का हिले?’

‘पोसीन!’ रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. ती निघून गेल्यावर मी पोरीच्या ताटाकडं पाहिलं. एक घासही मोडलेला नव्हता. जे खाल्लंच नव्हतं त्याच्यासाठी तिनं मार खाल्ला होता.

पुढच्याच आठवड्यात ती वर्गात कोसळली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून मला दाखवली, आत कागदासारखं पांढरं. ‘अंगात रक्तच नाही,’ तो म्हणाला. ‘पोटभर जेवली तर उठेल. नाही जेवली तर पुढच्या वेळी माझ्याकडं आणू नका, सरळ घरी न्या.’ तो तरुण होता, नाकावर राग घेऊन फिरणारा, पण त्याचे डोळे ओले झाले होते. मी खिचडी घेऊन तिच्या खाटेशी बसले. तिनं तोंड फिरवलं, भिंतीकडं. मी म्हटलं, बाई गं, खा, तुझ्या पाया पडते. तेव्हा ती बोलली.

‘मायनं शपथ घातली हाय जी. लगन जुळेपर्यंत पोटभर जेवली तं माह्यं मेलेलं तोंड पाहशीन.’ आणि मग लहान लेकरासारखं, ‘मी खाल्लं अन् माय मेली तं?’

माय, मी विज्ञानाची बाई. जीवनसत्त्वं, प्रथिनं, लोह, सगळं तोंडपाठ. तिला हसून म्हणायला पाहिजे होतं, असं काही नसतं, वेडाबाई. त्याऐवजी मी माझं उजवं मनगट पदराखाली घेतलं. का घेतलं, ते तुला ठाऊक आहे.

तो दिवस तुला आठवत असेलच. आरामशीनवरचे बापाचे दोस्त जेवायला आलेले, नदीची मोठी मासळी शिजलेली, घरभर वास. मी शाळेतून भुकेली आले आणि गडीमाणसांच्या पंगतीत जाऊन फतकल मारून बसले. कोणी काही म्हणायच्या आत मी भांड्यातला माशाचा तुकडा उचलला आणि खाल्ला. काय गोड लागला होता! एक दोस्त हसला. ‘पोट्टी तं गड्यासारखी खाते लेका. हिले कोण करून घेईन?’ सगळे हसले. बाप हसला नाही. तो उठायला लागला, कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीच्या दांड्याकडं त्याची नजर गेली. तेवढ्यात तू चुलीपासून आलीस, हातात लालभडक चिमटा. तो तू माझ्या मनगटावर टेकवलास. मांसाचा वास सुटला, माशाच्या वासात मिसळला. बाप परत खाली बसला, कारण काम झालं होतं. तू मारलंस म्हणून त्यानं मारलं नाही. दांड्यानं मी मेले असते, चिमट्यानं नुसती भाजले. हे मला तेव्हाच कळलं होतं, मी काही मूर्ख नव्हते. तरी मी तुला माफ केलेलं नाही. कळणं वेगळं आणि माफ करणं वेगळं.

आणि मग मनगटाला तेल लावता लावता तू मला शपथ घातलीस. भिंतीकडं तोंड करून जेवत जा. कोणाला खाताना दिसलीस तर माह्यं मेलेलं तोंड पाहशील.

तर ती पोरगी. तिला मी उद्या पुन्हा समजावेन असं ठरवलं, पण सकाळी गेले तर खाट रिकामी. बाप येऊन घेऊन गेला होता. पाहुणे येणार होते. मी प्राचार्यांकडं रजा मागायला गेले. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ‘शपथ सोडवून आणायची आहे.’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. ‘बाई, तुम्ही आहारशास्त्र शिकवता ना?’ हो म्हटलं, तेच करायला चालले. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. घातलेली शपथ सुटते ती एकाच गोष्टीनं. ज्यानं घातली त्यानं तोंडानं ‘सुटली’ म्हणायचं. दुसऱ्या कोणी म्हणून चालत नाही. लोक सलाईन चढवतील, गोळ्या देतील, पण त्या बाईच्या तोंडातून तो एक शब्द निघाल्याशिवाय पोरीच्या घशातून घास उतरणार नाही, हे त्या डॉक्टरला समजलं नसतं. मला समजलं.

कुरखेड्याच्या पुढं उतरून चालत गेले. घर सापडायला वेळ लागला नाही, अंगणात पाहुण्यांच्या चपला होत्या. मी ओसरीच्या दाराशी उभी राहिले आणि आत सगळं चालू होतं. सतरंजीवर मुलगा, मुलाचा बाप, मामा. पोरीचा बाप हात जोडून, तोंडभर हसू. पोरगी पोह्यांचं ताटवजा तबक घेऊन आली. डोक्यावर पदर. मुलाचा मामा तिला खालून वर असा पाहत होता, जसं बैलबाजारात पाहतात. ‘पोरगी ठीक हाय,’ तो म्हणाला, ‘अजून जरा उतरली पाहिजे.’ सगळे हसले. माय, तेच हसू. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या लोकांत, हुबेहूब तेच हसू.

आणि पोरगी पडली. तबकासकट, सरळ पुढं. बशा फुटल्या, पोहे पाहुण्यांच्या अंगावर उडाले. कोणी तिला उचलायला उठलं नाही. मुलाचा बाप धोतर झटकत म्हणाला, ‘हिले मिरगी हाय का जी? सांगितलं नाई तुमी.’ ते उठले. पोरीच्या बापाचं हसू अजून तोंडावर होतं आणि तशाच हसऱ्या तोंडानं त्यानं तिच्या कमरेत लाथ घातली. मग केस धरून फरफटत तिला मधोमध आणलं. कोपऱ्यात बैलांची काठी होती. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. ‘मेली अस्ती तं बरं झालं अस्तं! मेली अस्ती तं बरं झालं अस्तं!’ पोरगी हात वर करत नव्हती. तिसरा फटका बसला तेव्हा तिच्या कानातून रक्ताची धार निघाली.

मी काय केलं ते सांगते. पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला पितळेचा गडवा होता, तो पाण्यासकट उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. विचार केला नाही. करायला थांबले असते तर सुशिक्षित बाई म्हणून काहीतरी भाषण केलं असतं. आवाज मोठा झाला. तो गुडघ्यावर आला, कपाळावरून रक्त आणि पाणी एकत्र ओघळलं. मी पुन्हा मारलं. खरं सांगू? बरं वाटलं. फार बरं वाटलं. तो माझा बाप नव्हता, हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी माझ्याच बापाला मारत होते. लोकांनी मला मागून धरलं नसतं तर मी थांबले नसते.

तो उठला, काठी घेऊन माझ्याकडं वळला. आणि तेव्हा ती बाई, पोरीची माय, इतका वेळ चौकटीला धरून उभी असलेली, मध्ये आली. काठी तिच्या पाठीवर बसली. ती ओरडलीसुद्धा नाही, सवयीची पाठ ती. लेकीशेजारी खाली बसली, जमिनीवरचे पोहे मुठीत गोळा केले, मातीसकट, आणि पोरीच्या तोंडाशी नेले. ‘खाय.’ पोरीनं मान हलवली. ओठ घट्ट. दुसरी काठी बसली. त्या बाईनं पोरीची हनुवटी धरली आणि सगळ्या पाहुण्यांच्या, नवऱ्याच्या, गावाच्या देखत किंचाळली:

‘सुटली! सुटली व माय! शपथ सुटली! मी मरीन तं मरीन, तू खाय!’

पोरीनं तोंड उघडलं. पोहे, माती, ओठावरचं रक्त, सगळं तिनं चावलं. सगळ्यांकडं पाहत चावलं. पाहुणे अंगणात चपला शोधत होते, आणि ती खात होती. तिची माय मुठी भरत होती आणि ती खात होती. बाप काठी धरून उभा राहिला आणि त्याला काय करावं ते कळेना, कारण जे झालं ते त्याच्या घरात कधी झालेलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं मी पोरीला माझ्या घरी घेऊन आले. तिच्या मायनंच ट्रंक भरून दिली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, ‘पोसीन म्हनलं व्हतं तुमीनं.’ मी म्हटलं, हो, म्हटलं होतं. त्या कानानं पोरीला आता कमी ऐकू येतं. तिच्या बापानं ठाण्यात तक्रार दिली, डोक्याला पट्टी बांधून कॉलेजात आला, माफी मागा म्हणाला. मी मागितली नाही, मागणारही नाही. माझ्यावर चौकशी बसली आहे. त्या चौकशीचं काय व्हायचं ते होईल. पोरगी जेवते. डॉक्टरनं परवा पुन्हा पापणी ओढून पाहिली आणि मलाच चहा पाजला. तिची माय जिवंत आहे, बाजाराच्या दिवशी भेटायला येते, आणि पोरगी दर वेळी दारातच तिला आपादमस्तक चाचपून पाहते, मेली तर नाही ना म्हणून. मग दोघी हसतात.

आता माझं. माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं शेजारच्या गावी, मी चौदा-पंधरा वर्षांची. पंगतीत मला जागा मिळाली ती मधोमध, भिंत कुठंच नाही, मांडवात भिंत कुठून आणायची? समोर सगळा गाव. वरण, भात, बुंदी. मी जेवले. सगळ्यांनी पाहिलं आणि मी पोटभर जेवले, बुंदी मागून घेतली. घरी आले तर अंगणात माणसं. भात गार होता म्हणून बापानं बसायचा पाट फेकला होता, त्याची कड तुझ्या कानशिलात बसली होती. पाय घसरून पडली, असं तो रडत सांगत होता, आणि गावानं मान हलवली. कोणी ठाण्यात गेलं नाही. मी तुझं तोंड पाहिलं. माझ्या दाताला अजून बुंदी चिकटलेली होती.

तुला बापानं मारलं. मी जेवले म्हणून तू मेली नाहीस. हे मी फळ्यावर लिहून कोणत्याही वर्गाला पटवू शकते, आणि वर्ग टाळ्या वाजवेल.

आज संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. पोरीनं दोन पाट मांडले, समोरासमोर, माझ्याच धड्याप्रमाणे. मी काही न बोलता माझा पाट उचलला आणि नेहमीच्या जागी ठेवला. माझ्या घरची ती भिंत मी दर दिवाळीला चुना लावून घेते. मागून ती म्हणाली, ‘बाई, तुमाले बी कोनी शपथ घातली हाय का जी?’

मी म्हटलं, जेव गपचूप.

‘मी म्हनू का सुटली?’

‘घालणाऱ्यानंच सोडावी लागते,’ मी म्हटलं. मी म्हटलं हे, माय. नागपूरची पदवी घेतलेल्या बाईनं. पोरीनं मग आपलं ताट उचललं, माझ्या शेजारी येऊन बसली, आणि माझ्यासोबत भिंतीकडं तोंड करून जेवायला लागली. तिला मी त्या भिंतीपासून एवढ्या मारामारीनं ओढून आणलं होतं. मी हातातला घास ताटात परत ठेवला. ताट तसंच झाकून ठेवलं आहे आणि मी हे लिहिते आहे.

हे कुठं टाकू? तू गेलीस त्या गावाला पोस्ट नाही. आणि तिथं तुला वाचून दाखवणारं कोणी असेल तर तो तुझ्यामागून तिथं पोचलेला बापच असेल, त्याच्या हाती मी हे देणार नाही. पीठाच्या डब्याखाली ठेवते. तुला बाकी काही सांगायचं नव्हतं, एक शब्द मागायचा होता, तेवढ्यासाठीच इतकं लिहिलं. पोरगी स्वयंपाकघरात माझी वाट पाहून राह्यली. तिनं पाट पुन्हा समोरासमोर मांडले हायेत.

सुटली म्हण नं व माय. मले भूक लागली.